एक वस्तू जास्त

तारामुंबरीच्या खाडीकाठी, पत्र्याच्या शेडमध्ये,
जिथे करवतीचा भुसा कीबोर्डात शिरतो
आणि दर शनिवारी मी तो फुंकून काढते,
तिथे इनास फर्नांडिसची खुर्ची मला मिळाली,
त्याचा संगणक, चिकटपट्टी लावलेला माऊस
आणि एक बोट.
पंचेचाळीस फुटी, मालक रमाकांत कोयंडे,
नाव अजून ठरायचं होतं.
शारजाला जाताना इनास म्हणाला,
फाइल पुरी आहे, फक्त प्रिंट काढ.

मी प्रिंट काढली नाही. मोजत बसले.
आमच्या घरात दुसऱ्याचं मोजलेलं कुणी मानत नाही;
आई लिलावात घेतलेली पाटीसुद्धा
घरी येऊन पुन्हा ओतते.

पडद्यावर बोट उलटीसुलटी फिरवली.
आधी भरीव, मग नुसत्या तारांची.
फळ्या, वांक, पठाण, नाळ,
इंजिनाखालचे पाट, बर्फाचे कप्पे,
एकेकावर टिचकी मारत चारशे बारा.
सगळं निवड म्हटलं, तर संगणक म्हणाला
चारशे तेरा.

लेयरच्या यादीत, अगदी तळाला,
एक दिवा विझलेला होता.
नाव नव्हतं त्या लेयरला, नुसता ठिपका.
दिवा लावला.
काहीच दिसलं नाही.

तंत्रनिकेतनात आडिवरेकर सर सांगायचे,
लपणं दोन जातींचं असतं.
एक कुणीतरी विझवलेलं.
दुसरं आहे तिथेच आहे,
पण त्याच्यापुढे काहीतरी उभं आहे.
पहिल्याला दिवा पुरतो,
दुसऱ्याला तुटक रेष लागते.
परीक्षेत हे लिहून मला दोन गुण मिळाले होते.

मग मी मागच्या सगळ्याला
तुटक रेषेत पुढे बोलावलं.
बोटभर टाके पडले, गोधडीसारखे,
आणि नाळ जिथे पठाणाला मिळते
त्या सांध्यात, दोन लाकडांच्या मधोमध,
एक वाटोळं.
व्यास साडेतीस मिलिमीटर. जाडी दीड.
धातू चांदी. वजन अकरा पूर्णांक सहा ग्रॅम,
तेही त्याने भरून ठेवलेलं.

चुकून राहिलं असेल म्हणून पुसणार होते.
बाहेर वामन मेस्त वाकसाला धार लावत होता.
त्याला हाक मारली.
पडद्यावर ते थाळीएवढं दिसत होतं,
म्हणून मी तोंडी माप सांगितलं.
त्याने अंगठा आणि बोट हवेत उघडलं,
पट्टीशिवाय, नेमकं तेवढंच.
"राणीछाप," म्हणाला.
"सांधो बसवच्या आधी घालतव. माझो बापूस घालीत होतो.
ता कोणाक दिसाक कित्याक होया?"
मग इनासने चित्रात का काढलं?
"ता तेकाच इचार."

विचारलं. शारजातून उत्तर आलं
मध्यरात्र उलटल्यावर, एका ओळीचं:
वजनात धरायला नको का?

ओहोटीला आई चिखलात उतरते.
टाचेने चाचपते, वाकते, आणि तिसरी वर.
लहानपणी मी विचारलं होतं, तुला दिसते कशी?
"दिसना नाय," ती म्हणाली, "आसा ता म्हायत आसा,"
आणि लुगड्याचा ओचा पुन्हा खोचला.

सोमवारी प्रिंट काढली.
मत्स्य खात्याच्या साहेबांनी
चारशे बारा भागांवर शिक्का मारला.
एकूण वजनात अकरा ग्रॅम आणि वर थोडे
कुठून आले, त्यांनी विचारलं नाही.
मीही चहा पुढे केला.

कोयंड्यांची बोट आता पाण्यात आहे.
नाव पावणाई.

काल नवी फाइल उघडली.
पठाणाची पहिली रेष ओढण्याआधी
एक वाटोळं काढलं, साडेतीस व्यासाचं,
आणि दिवा विझवला.
माझ्यामागून या खुर्चीत जे कुणी बसेल
त्याने नीट मोजलं, तर
एक वस्तू जास्त भरेल.
नाही मोजलं, तरी बोट तरंगेल.
भुसा मात्र फुंकावा लागेल,
दर शनिवारी.